बाण चालतात, खोबरं चालत नाही

भाला विमानात बसत नाही. म्हणजे बसतो, पण आडवा, विमानाच्या पोटात, आणि तोही विमान मोठं असलं तर. हातात धरून तुम्हाला भाला नेता येणार नाही, मग तुम्ही जिल्ह्यात पहिले आलेले असा नाहीतर राज्यात. हे मी इतक्या पालकांना इतक्या वेळा सांगितलं आहे की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

या अंकाच्या संपादकांनी मला ‘क्रीडाक्षेत्रातल्या प्रेरणादायी आठवणी’ लिहायला सांगितल्या. त्यांना मी तिथल्या तिथं सांगितलं, प्रेरणा माझ्याकडे नाही, सामान आहे. उमरग्याच्या शाळेत मी खेळाची शिक्षिका होते. पोरी घडवल्या, पोरं घडवली, हे निरोप समारंभात बोलायला ठीक असतं. खरं सांगायचं तर नोकरीच्या उत्तरार्धात माझा निम्मा जीव पिशव्या, पेट्या आणि नळ्या इकडून तिकडे नेण्यात गेला. स्पर्धा लांब लांब व्हायला लागल्या, रेल्वेचं आरक्षण मिळेना, परीक्षा आणि स्पर्धा एकमेकींच्या उरावर बसू लागल्या, आणि आमची पोरं हैदराबादहून विमानानं जायला लागली. पोरांना खेळ येत होता. विमान येत नव्हतं. ते मलाही येत नव्हतं, पण मी मॅनेजर होते, त्यामुळे मला येतं असं समजायची सगळ्यांची सोय होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. विमानात दोन तऱ्हेचं सामान असतं. एक आपल्यासोबत वर येतं, छोटं, साधारण सात किलोचं. दुसरं आधी काउंटरवर द्यायचं, ते विमानाच्या पोटात जातं आणि उतरल्यावर फिरत्या पट्ट्यावर भेटतं. खेळाच्या सामानाचा ढोबळ नियम असा की ज्यानं दुसऱ्याचं डोकं फुटेल ते वर न्यायचं नाही. क्रिकेटची बॅट नाही, हॉकीची काठी नाही, डंबेल नाही, धनुष्य तर नाहीच नाही. बॅडमिंटनची रॅकेट बहुतेक वेळा चालते. माझा अंदाज असा की तिनं मारलं तर रॅकेटच मोडेल, म्हणून असेल. बाकी प्रत्येक कंपनीचं आपलं आपलं शास्त्र. आणि शास्त्रापेक्षा त्या दिवशी तपासणीच्या मशीनपाशी बसलेल्या माणसाचा मूड मोठा.

भाल्याची पेटी विकत घ्यायची आमची ऐपत नव्हती, म्हणून आम्ही शेतातल्या पाइपलाइनचा पीव्हीसी पाइप कापला, आत जुन्या गोधडीचे तुकडे कोंबले आणि दोन्ही टोकांना झाकणं बसवली. उत्तम काम. भाल्याला ओरखडा गेला नाही. काउंटरवरच्या मुलीनं मात्र तो पाइप पाहिला आणि तिचं हसू मावळलं. तिनं साहेबाला बोलावलं, साहेबानं शिपायाला, शिपायानं आणखी मोठ्या साहेबाला. मी झाकण काढलं, भाला बाहेर ओढला, परत आत सारला. मोठे साहेब म्हणाले की हे व्यावसायिक पॅकिंग नाही. मी म्हटलं, यातून आमच्याकडे विहिरीचं पाणी अर्धा कोस जातं आणि थेंब सांडत नाही, भाला काय सांडणार आहे? पाइप गेला. नंतर दरवेळी गेला.

ढोकीच्या एका पोराचा किस्सा वेगळा. वडील साखर कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवायचे, पोरगं गोळाफेकीत तयार. त्याला कुणीतरी सांगितलं की पोटात जाणाऱ्या बॅगा आपटतात. झालं, यानं आपला लोखंडी गोळा मऊ टॉवेलात गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत ठेवला आणि मशीनमध्ये सरकवला. पडद्यावर काय दिसलं असेल ते तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. पट्टा थांबला, रांग थांबली, पोराचा चेहरा पांढराफटक पडला. मी पुढे होऊन समजावलं. मशीनपाशी बसलेला सुरक्षेचा जवान हसला, पण गोळा काही वर जाऊ दिला नाही. मी पोराला घेऊन धावत काउंटरवर परत गेले, गोळा त्याच्या कपड्यांच्या बॅगेत घातला आणि विमान गाठलं. तो गोळा तिकडे पोचला, पण बॅगेचं बूड फाडून. पोराचे कपडे पट्ट्यावर एकेक करून आले. ते त्यानं उचलले, तेही चारचौघांत, आणि मान खाली घातली नाही, याचं मला अजून कौतुक वाटतं.

नेहमी मीच जिंकले असं नाही. एकदा व्हॉलीबॉलची हवा काढायला लावली, ती मी मुकाट काढली, आणि मग हवा भरायच्या पंपाची सुई काढून घेतली. मी तासभर भांडले, सुई गेली ती गेलीच. गावात माझं नाव भांडकुदळ बाई म्हणून झालं ते उगाच नाही. मुख्याध्यापक म्हणायचे, मॅडम, गोडीनं घ्या. गोडीनं घेऊन पाहिलं. गोडीनं घेणाऱ्याचं सामान मागे राहतं.

तर दीपालीची गोष्ट.

दीपाली माकणीची. आईवडील शेती करतात, धरणाच्या अलीकडे. सहावीत आमच्या शाळेत आली, वसतिगृहात राहायची. आधी लगोरीत तिचा हात पाहिला, मग धनुष्य दिलं. धनुर्विद्येचं आजचं धनुष्य अखंड नसतं. मधली मूठ वेगळी, वरचं-खालचं पातं वेगळं, दोरी, नेम धरायची साइट, तोल सांभाळायच्या कांड्या, सगळं सुटं करून एका कडक पेटीत बसवतात. बाण खेळाडूच्या हाताच्या लांबीप्रमाणे कापलेले असतात. पातं किती ताणायचं ते तिच्या खांद्यावर ठरतं. हे सांगायचं कारण असं की लोक मला पुढे म्हणाले, त्यात काय, दुसरीचं घ्यायचं. उसन्या चपलेनं चार पावलं जाता येतं. उसन्या धनुष्यानं राष्ट्रीय स्पर्धेत बाण सोडला तर तो शेजारणीच्या निशाणावर जातो.

स्पर्धा गुवाहाटीला होती. राज्याचा बाकीचा संघ पुण्याहून येणार होता, आमच्या जिल्ह्यातून एकटी दीपाली आणि मी. तिकिटं गावातल्या एका डॉक्टरांनी काढून दिली. निघायच्या आदल्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून मी नेहमीप्रमाणे तिचं सामान उपसलं. हा माझा दंडक. बाणांची टोकं मोजून टोपणं घातली, पाने-पेचकस पेटीत टाकले, कारण हत्यारं वर चालत नाहीत. आईवडील हजर होते. त्यांना मी पुन्हा एकदा सगळं सांगितलं. लोणचं नको, तेलाची बाटली नको, नारळ नको, आणि सुकं खोबरं तर अजिबात नको, वर नाही आणि पोटातही नाही. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, बंद जागेत ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानवाले त्याला घाबरतात. दीपालीच्या आईनं मान हलवली. मी पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली पोरीकडे दिली.

गुवाहाटीला दुपारी उतरलो. पट्टा फिरला, सगळ्यांच्या बॅगा गेल्या, पट्टा बंद पडला. पेटी आली नाही.

काउंटरवरच्या तरुणानं संगणकात पाहून सांगितलं की पेटी हैदराबादलाच आहे. तपासणीत आत बंदी असलेली वस्तू दिसली, प्रवाशासमोर कुलूप उघडायचं असतं, प्रवासी आले नाहीत, म्हणून पेटी उतरवली. मी विचारलं, आम्हाला कळवलं का नाही? तर म्हणे तिकिटावरच्या नंबरवर फोन केला होता. तिकिटावर नंबर होता डॉक्टरांचा, आणि डॉक्टर सकाळभर पेशंट तपासत होते, फोन बंद. आम्ही कुठल्या सीटवर बसलोय हे विमानवाल्यांना पाठ होतं. चार पावलं चालत येऊन सांगता आलं असतं. तो मुलगा म्हणाला, आता तुम्ही परत हैदराबादला गेलात की पेटी मिळेल.

“परत गेल्यावर धनुष्य घेऊन काय करू?” मी म्हटलं. “दाराला तोरण बांधू?”

स्पर्धा दुसऱ्या दिवशी दुपारी होती. तोवर पेटी आली तर दीपाली खेळणार, नाही आली तर चार वर्षांची मेहनत घेऊन ती प्रेक्षकांत बसणार. यापलीकडे हिशेब नव्हता. हैदराबादहून सकाळी एक विमान होतं. पेटी त्यात बसवायची एवढंच काम. पण तो म्हणत होता की प्रवाशाशिवाय कुलूप उघडता येत नाही, आणि कुलूप उघडल्याशिवाय पेटी हलवता येत नाही. तुम्ही हॉटेलवर जा, आम्ही कळवू.

मी गेले नाही. इथून हललं की संपलं, एकदा त्यांच्या ताब्यात राहिलेलं परत मिळत नाही, हे मला पंपाच्या त्या सुईनं शिकवलं होतं. मी दीपालीला म्हटलं, तुझी संध्याकाळची प्रॅक्टिस राहिलीय, कर. आमच्या पोरी धनुष्य नसताना सायकलची जुनी ट्यूब ओढून सराव करतात. ट्यूब तिच्या हातातल्या पिशवीत होती. तिनं ती डाव्या मुठीत धरली, उजव्या हातानं हनुवटीपर्यंत ओढली, श्वास धरला, सोडला. पुन्हा. सामान यायच्या त्या चकचकीत हॉलमध्ये, बंद पट्ट्याच्या शेजारी. लोक थांबून बघायला लागले. काहींनी मोबाइल काढले.

एक जवान आला. इथं थांबता येणार नाही, ही प्रवाशांची जागा आहे, असं म्हणाला. मी म्हटलं, आम्ही प्रवासीच आहोत, जोवर सामान हातात पडत नाही तोवर आमचा प्रवास संपलेला नाही. ट्यूब ओढू नये असा नियम असेल तर दाखवा, लगेच थांबवते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पोरीच्या खांद्याकडे पाहिलं, आणि स्वतः जाऊन कंपनीच्या मोठ्या बाईंना घेऊन आला.

त्या बाई शहाण्या होत्या. त्यांनी हैदराबादला फोन लावला, स्पीकरवर टाकला. तिकडचा माणूस वयस्कर वाटला, हैदराबादी हिंदी बोलणारा. आमचा भागही जुन्या निजाम राज्यातला, आमची आणि त्याची भाषा सख्ख्या बहिणीच, त्यामुळे मला एकदम बरं वाटलं. बऱ्याच चर्चेनंतर असं ठरलं की प्रवासी फोनवरून स्वतःच्या तोंडानं हो म्हणाली तर कुलूप तोडता येईल, वस्तू काढून नष्ट करता येईल आणि पेटी सकाळच्या विमानात जाईल. मी म्हटलं, झालं की मग. वस्तू काय आहे?

“खोबऱ्याची वाटी आहे, मॅडम,” तो म्हणाला. “कापडात बांधलेली.”

मी दीपालीकडे पाहिलं. तिच्या हातातली ट्यूब खाली आली होती.

माझा संताप संताप झाला. व्हरांड्यात बसून घसा कोरडा केला तो याच्यासाठी? तिनं खाली बघत सांगितलं. हैदराबादच्या गाडीत बसवायला आई स्टँडवर आली होती. मी चहा घ्यायला गेले तेवढ्यात आईनं पेटी उघडायला लावली, फोमखाली चोळीचा खण गाठ मारून सरकवला. खणात तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि खोबरं.

“मॅडम, ती वटी हाय,” दीपाली म्हणाली. “आईनं माझी वटी भरलीय. ती जाळतेत का कचऱ्यात टाकतेत?”

एरवी लग्न न झालेल्या पोरीची अशी ओटी कुणी भरत नाही. सासरी जाणाऱ्या लेकीची भरतात, की ही रिकामी निघाली नाही, घर तिच्यासोबत आहे. दीपालीच्या आईला शेजारणींनी ते ऐकवलंही होतं, हे दीपालीकडूनच कळलं. तिनं उत्तर दिलं होतं की नांदाया जाणाऱ्या लेकीची भरतेत, मग लढाया जाणारीची का न्हाय?

फोनवरचा माणूस म्हणाला, हो म्हणा बेटा, वेळ चाललाय. मोठ्या बाई घड्याळाकडे पाहू लागल्या. दीपाली तोंड उघडेना. मी त्या माणसाला म्हटलं, नष्ट करू नका हो, कुणीतरी खाऊन टाका, माणसाच्या पोटात खोबरं पेट घेत नाही. तो म्हणाला, मॅडम, माझ्या हातात ते नाही. मी त्याला चार शब्द सुनावले. त्यानं ते ऐकून घेतले, पण नियम काही हलला नाही.

“म्या हो म्हणलं,” दीपाली म्हणाली, “तर म्याच टाकली असं हुतंय. मग उद्या बाण सोडू कशी?”

हे मी लिहून ठेवते आहे, कारण खेळाच्या पुस्तकात हे सापडणार नाही. हात कसा धरायचा, खांदा कसा पाडायचा, वारा कसा वाचायचा, सगळं मी शिकवलं होतं. यावर माझ्याकडे धडा नव्हता. देवधर्माच्या बाबतीत मी तशी कोरडीच. पण पोरीच्या मनाला पीळ पडला होता आणि तो तसाच घेऊन ती उद्या रेषेवर उभी राहिली असती, तर पेटी येऊनही उपयोग नव्हता. मी तिच्यासमोर उभी राहिले.

“ओटी तुझ्या आईनं तुझी भरली की पेटीची?”

“माझी.”

“मग ती स्टँडवरच पोचली. तिथंच तुझ्या पदरात पडली. पेटीत राहिलंय ते खोबरं.”

तिनं माझ्याकडे नेम धरल्यासारखं पाहिलं. विचारलं, “खरं का, मॅडम? का मला खेळवाया सांगताव?”

“दोन्ही,” मी म्हटलं.

खोटं सांगायची वेळ नव्हती. ती जराशी हसली, मोबाइलकडे वळली आणि आमच्या हैदराबादी वळणाच्या हिंदीत स्पष्ट म्हणाली की कुलूप तोडा, खोबरं काढा, बाकी कशाला हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी पेटी आली. सकाळचा सराव हुकला होता. पंचांना मी गाठून ठेवलं होतं, ते म्हणाले की सामान तपासणीची वेळ निघून गेली. मी त्यांना विमानतळावरची सगळी कथा उभ्या उभ्या ऐकवली, आणि ती संपेपर्यंत दीपालीनं धनुष्य जोडून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी तपासलं. पेटीच्या तळाशी खण होता. तांदूळ, हळकुंड, सुपारी जागच्या जागी, खोबरं नव्हतं. पण खणाची गाठ कुणीतरी परत बांधली होती, दोन्ही टोकं नीट आत खोवून. त्या माणसाला मी फोनवर काय काय बोलले होते ते मला आठवलं. माफी मागायला त्याचं नावही मला ठाऊक नाही, आणि सापडलं तरी नियमाबद्दल मी त्याच्याशी पुन्हा भांडेनच.

पहिले सहा बाण वाईट गेले. मग हात लागला. पदक मिळालं नाही. राज्याच्या पोरींत ती दुसरी आली आणि पुढच्या वर्षीच्या शिबिराला तिची निवड झाली. गावात काहींनी विचारलं, पदक नाही तर एवढा आटापिटा कशाला? त्यांना मी दुसऱ्या दिवशी मैदानावर या एवढंच म्हटलं. कुणी आलं नाही.

माकणीला मात्र मी स्वतः गेले. पोरीनं फोनवर सांगितलंच होतं, तरी आईच्या तोंडावर आपण सांगावं असं मला वाटलं. रागवायचंही होतं. एवढं बजावून सांगितलेलं मोडलं म्हणून. दीपालीची आई दारात शेंगा निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं, अगदी कचऱ्यापर्यंत. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही.

“पोरीचे बाण जाऊ दिले न्हवं त्येंनी?” तिनं विचारलं.

“दिले.”

“लोखंडाच्या टोकाचे बाण न्यावं म्हणतेत,” ती म्हणाली, “आन् माझ्या खोबऱ्याला भेतेत.”

आणि ती हसली. मला रागवायचं होतं ते राहूनच गेलं. ती उठून आत गेली आणि ताटात तांदूळ, खण, हळकुंड आणि खोबऱ्याची अख्खी वाटी घेऊन आली. मला वाटलं दीपालीसाठी देतेय. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“पदर पुढं करा, मॅडम.”

माझे मालक जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. आमच्याकडे विधवेची ओटी भरत नाहीत. हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, बोलावलंच तर चहा देऊन बाजूला बसवतात. पोरींची स्पर्धा असली की नारळ फोडायलाही दुसऱ्या बाईंना पुढे करायचे आणि मी मागे पिशव्या सांभाळायची. विमानतळावर साहेबाच्या साहेबाशी भांडणारी मी, त्या बाबतीत कधी कुणाशी भांडले नव्हते. मी तिला हळू आवाजात म्हटलं की तुम्हाला माहीत नाही का?

“ठाव हाय,” ती म्हणाली. “माझ्या लेकीसाठी लढलाव तुमी. करा पुढं.”

शेजारची सासू-सून ओसरीवरून बघत होत्या. तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी पंजाबी ड्रेसवर होते, पदर नव्हता. मी ओढणी पुढे केली.

एसटीत मी ती ओटी बॅगेत घातली नाही. उमरग्यापर्यंत मांडीवर घेऊन बसले, सगळ्यांना दिसेल अशी. शेजारच्या बाईनं माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, मग ओटीकडे, मग पुन्हा कपाळाकडे. मी वाटी फोडली आणि खोबऱ्याचा एक तुकडा तिच्यापुढे धरला. तिनं थोडा वेळ घेतला. मग हात पुढे केला.